चोउशान रस्ता, घर नंबर ५९

शांघायला मी गेलो होतो मशीन बघायला. भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, आणि २०१८ च्या नोव्हेंबरात तिथल्या एका प्रदर्शनाला आम्ही तिघे कारखानदार मिळून गेलो. प्रदर्शन शनिवारी आटोपलं. परतीचं विमान रविवारी रात्रीचं. बाकीचे दोघे बायकामुलांच्या याद्या खिशात घालून बाजारात निघाले. मी म्हटलं, "मला एका मुलाचं घर बघायचंय." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढे कोणी काही विचारलं नाही, म्हणून इथे लिहितो.

आधी व्हिसाची गोष्ट सांगतो, कारण तिथूनच हा मुलगा माझ्या डोक्यात शिरला. चीनचा व्हिसा काढायचा म्हणजे आमंत्रणपत्र, बँकेचं स्टेटमेंट, कारखान्याची कागदपत्रं, सगळ्याची चळत. एवढं करून एजंटने माझा फोटो परत पाठवला. का, तर कान नीट दिसत नाहीत. दुसरा काढून आणला. त्याच आठवड्यात वाचत होतो की नाझी जर्मनीत ज्यूंच्या ओळखपत्रावरच्या फोटोत डावा कान दिसलाच पाहिजे, असा नियम होता. पासपोर्टवर वर लाल रंगाचं 'जे' अक्षर. असा पासपोर्ट घेऊन जगात कुठेही गेलं तर दार बंद. आणि १९३८-३९ मध्ये अख्ख्या जगात एकच मोठं बंदर असं होतं, की जिथे उतरताना कोणी व्हिसा विचारत नव्हतं. शांघाय. जिथे जायला मी कानांचा फोटो दोनदा काढला, तेच.

मुलाचं नाव मायकेल ब्लुमेंथाल. जन्म १९२६, बर्लिनजवळच्या ओरानिएनबुर्गचा. आईवडिलांचं कपड्यांचं दुकान. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची दुकानं फुटली, सिनेगॉग म्हणजे त्यांची प्रार्थनामंदिरं जळाली आणि हजारो पुरुषांना उचलून छळछावण्यांत नेलं. मायकेलच्या वडिलांना बुखेनवाल्डला नेलं. देश सोडून जाणार असल्याचा पुरावा दाखवला की सोडत असत, म्हणून बायका बोटीची तिकिटं मिळवायला धावत होत्या. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँला ३२ देश जमले होते, ज्यू निर्वासितांचं काय करायचं ते ठरवायला. सहानुभूती सगळ्यांनी दाखवली, जागा जवळजवळ कोणीच दिली नाही. व्हिएन्नातले चिनी कॉन्सल जनरल हो फेंगशान मात्र व्हिसावर सह्या करत सुटले. शांघायला तो लागत नव्हता, पण ऑस्ट्रियातून बाहेर पडायला 'कुठेतरी चाललोय' हे सांगणारा कागद हवा होता, आणि तो ते देत होते. १९३९ मध्ये ब्लुमेंथाल कुटुंब शांघायला उतरलं. मुलगा तेरा वर्षांचा. जर्मनीतून निघताना माणशी फक्त दहा मार्क बरोबर नेता येत.

शांघायमध्ये व्हिसा न लागण्यामागे काही कोणाचा मोठेपणा नव्हता. शहराचे तुकडे झाले होते. आंतरराष्ट्रीय वसाहत वेगळी, फ्रेंच भाग वेगळा, आणि १९३७ च्या लढाईनंतर भोवतालचा मुलूख जपान्यांच्या ताब्यात. पासपोर्ट तपासायला धक्क्यावर कोणी उभंच नव्हतं. घरातली मोठी माणसं भांडत बसली की फाटक उघडं राहतं, तसं. १९३९ च्या ऑगस्टपासून तेही बरंचसं लोटलं गेलं. तोवर आणि त्यानंतर मिळून १८ ते २० हजार जण आत आले होते.

सकाळी आधी सूचौ खाडीकाठी गेलो. तिथे एक लांबलचक, वळसे घेत गेलेली इमारत आहे, 'एम्बँकमेंट बिल्डिंग'. बोटींवरून उतरलेल्या निर्वासितांना सुरुवातीला इथे तळमजल्यावर आसरा मिळाला. इमारत सर व्हिक्टर ससून यांची. तेच ससून! मी स्वतः पुण्यात ससूनला जन्मलोय. कॅम्पातल्या लाल देवळासमोरून, म्हणजे ससूनांनीच बांधलेल्या सिनेगॉगसमोरून, शाळेत गेलोय. त्या घराण्याचे मूळपुरुष डेव्हिड ससून बगदादहून मुंबईला आले, कापूस आणि अफूत पैसा केला, मुलांना चीनला धाडलं. दवाखाने, वाचनालयं, गोदी आपल्याकडे, बंगले आणि हॉटेलं शांघायला. माळव्याच्या अफूने चीनमधल्या किती घरांची राख केली तेही याच हिशेबात धरायचं. मी त्या भिंतीला हात लावला तेव्हा अभिमान वाटला की ओशाळलो, मला नीट सांगता येणार नाही. शांघायमधले दुसरे धनाढ्य सायलस हार्डून, तेही मुंबईत वाढलेले. त्यांनी बांधलेल्या सिनेगॉगमध्ये पुढे लिथुएनियातून जपानमार्गे आलेली एक अख्खी धर्मपाठशाळा बसली. आणि होरेस कदूरी यांनी निर्वासित मुलांसाठी शाळा काढली. त्यांचे वडीलही सुरुवातीला ससूनांच्याच पेढीत नोकरीला. मुलं तिला 'कदूरी स्कूल' म्हणत. घरी जर्मन, शाळेत इंग्रजी, गल्लीत शांघायची बोली, आणि वर जपानी भाषेचे तास. चार भाषा आणि एकही देश नाही.

मेट्रोच्या १२ नंबर लाइनने तिलानछ्यावला उतरलो. हा होंगखोउ भाग. बाहेर पडलं की जुन्या तुरुंगाच्या उंच भिंती दिसतात. इंग्रजांच्या काळात इथे शीख पहारेकरी असत. बर्लिनच्या मुलाने आयुष्यातला पहिला पगडीवाला माणूस बहुधा याच रस्त्यावर पाहिला असेल. थोडं पुढे छांगयांग रस्त्यावर विटांचं तीन मजली सिनेगॉग आहे, 'ओहेल मोइशे'. आता तिथे निर्वासितांचं संग्रहालय आहे.

आत पासपोर्ट, पत्रं, टाइपरायटर, बोटीच्या तिकिटांचे नमुने. चांगलं मांडलंय. फक्त चिनी जनतेच्या उदारपणाबद्दल प्रत्येक दालनात एकदा सांगतात, ते एकदाच सांगितलं असतं तरी पटलं असतं. अंगणात नावांची तांब्याची भिंत आहे, तेव्हा तिच्यावर १३,७३२ नावं होती. सुमारे वीस हजारांतली तोवर इतकीच सापडली होती. बाकीची शोधणं चालू आहे, असं तिथल्या मुलीने सांगितलं. मी भिंतीच्या एका टोकापासून चालत दुसऱ्या टोकाला गेलो आणि वाचलेलं एकही नाव लक्षात राहिलं नाही.

१९३९ ते १९४१ ही दोन-तीन वर्षं इथे चक्क एक छोटं व्हिएन्ना उभं राहिलं होतं. पाव-केकच्या बेकऱ्या, कॅफे, शिंपी, टोप्यावाले, जर्मन वर्तमानपत्रं, नाटकं, फुटबॉलची लीग. ज्यांच्याकडे थोडेबहुत पैसे होते त्यांनी बॉम्बने पडकी झालेली घरं दुरुस्त करून भाड्याने दिली. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं ते 'हाइम' नावाच्या धर्मशाळांत राहत, एका खोलीत डझनावारी बंक, मध्ये चादरीचा पडदा. जेवण सामुदायिक स्वयंपाकघरातून, डबा घेऊन रांगेत. व्हिएन्नात वकिली केलेला माणूस त्या रांगेत उभा राहताना तोंड लपवत असेल. त्याचा चौदा वर्षांचा मुलगा बहुधा नाही. पोरांना लाज नंतर समजते, भूक आधी.

आणि पाणी. शहरातलं पाणी उकळल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, हे आल्या आल्या कोणीही शिकायचं. आमांश, विषमज्वर यांनी माणसं पटापट आडवी होत. घरात शेगडीला कोळसा परवडत नसे, म्हणून कोपऱ्यावरच्या गरम पाण्याच्या दुकानातून किटलीभर उकळतं पाणी विकत आणायचं. हे काम पोरांचं. मला हे वाचताना नवल वाटलं होतं. पण चार दिवस शांघायमध्ये राहिल्यावर कळलं, आजही कुठेही बसा, समोर आधी गरम पाणीच येतं. प्रदर्शनातल्या स्टॉलवरसुद्धा.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर झालं आणि जपान्यांनी उरलेली वसाहतही घेतली. अमेरिकेतून मदतीचे पैसे येणं अडलं. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी जर्मनीने देशाबाहेरच्या आपल्या सगळ्या ज्यूंचं नागरिकत्वच रद्द केलं होतं. आता ही मंडळी कायद्याने कोणाचीच नव्हती. १८ फेब्रुवारी १९४३ ला जपानी लष्कराची घोषणा आली: १९३७ नंतर आलेल्या 'राष्ट्रहीन निर्वासितांनी' १८ मेपर्यंत होंगखोउच्या एका ठरावीक भागात राहायला यावं. घोषणेत 'ज्यू' हा शब्दच नव्हता. जागा जेमतेम चौरस मैलाची, आणि तिथे आधीच लाखभर चिनी माणसं दाटीवाटीने राहत होती. भिंत नाही, तारा नाहीत. फक्त पास.

बाहेर जायचं तर पास हवा. शाळा, नोकरी, दवाखाना, काहीही असो. छातीवर बिल्ला लावायचा, त्यावर एकच चिनी अक्षर, 'थोंग'. अर्थ, जाऊ द्या. पास देणारा अधिकारी कानो घोया नावाचा जपानी. तो स्वतःला 'ज्यूंचा राजा' म्हणवून घ्यायचा. बुटका होता, उंच माणूस समोर आला की टेबलावर चढायचा आणि कानाखाली द्यायचा. कधी लहर लागली तर लगेच पास. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही हा माणूस फार परका वाटणार नाही. फरक एवढाच की इथे 'उद्या या' म्हटल्यावर दुसऱ्या दिवशीची नोकरी गेलेली असायची.

मायकेलच्या आईवडिलांचं लग्न याच वर्षांत मोडलं. मुलगा एका रासायनिक कारखान्यात साफसफाईला लागला, आठवड्याला एखाद्या डॉलरवर. इथे माझ्यातला कारखानदार जागा झाला. आमच्याकडे आज अल्पवयीन मुलगा कामाला दिसला तर कारखान्याला कुलूप लागेल, आणि लागायलाच हवं. पण त्याच वयाच्या आमच्या चुलत्यांनी पिंपरीत हेल्परचं काम केलंय, आणि दिवाळीला घरी जमले की त्या दिवसांबद्दल ते दुःखाने कमी आणि फुशारकीने जास्त बोलतात. म्हणून त्या मुलाला केविलवाणं समजायला मी तयार नाही. त्याने पाहिलं काय, तर बर्लिनमध्ये प्रतिष्ठा असलेली माणसं इथे गळून पडली, आणि ज्यांना कोणी विचारत नव्हतं अशी काही जण तगली. पदवी, हुद्दा, दुकानाची पाटी यांतलं काहीच बोटीतून उतरत नाही, हे त्याला वयाच्या विशीआधी कळलं. आम्हाला ते कळायला एक मंदी लागली.

१७ जुलै १९४५ ला अमेरिकन विमानांनी होंगखोउवर बॉम्ब टाकले. निशाणा जपानी रेडिओ केंद्र होतं. तीसहून जास्त निर्वासित मेले, चिनी शेजारी त्याहून कितीतरी अधिक. निर्वासित डॉक्टरांनी दोन्हीकडच्या जखमींना एकाच अंगणात टाके घातले. महिन्याभरात युद्ध संपलं. मग युरोपातून वाचलेल्यांच्या याद्या येऊ लागल्या. लोक भिंतीपाशी उभे राहून बोट फिरवत खालपर्यंत जायचे. याद्या फार छोट्या होत्या. आमांशाला आणि घोयाला शिव्या देत काढलेली वर्षं ही खरं तर नशिबाची वर्षं होती, हे त्या भिंतीपाशी कळलं.

मायकेलला अमेरिकन हवाई दलाच्या गोदामात काम मिळालं. तरी कागद मिळायला दोन वर्षं गेली. १९४७ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला, शिकला, आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा अर्थमंत्री झाला. त्या मालिकेच्या डॉलरच्या नोटांवर त्याची सही आहे. ज्याला एक पास मिळवायला रांग लावावी लागत होती, त्याची सही पुढे जगभरच्या माणसांनी खिशात घालून फिरवली.

संग्रहालयातून निघून चोउशान रस्त्यावर आलो. लाल-करड्या विटांची जुळी घरं, कमानीच्या खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीतून बाहेर आलेला बांबू, त्यावर वाळत घातलेल्या विजारी. खाली एसीचे डबे आणि वायरींचं जंजाळ. ५९ नंबरपाशी पाटी आहे. मी फोटो काढत होतो तेवढ्यात आतून एक आजीबाई आल्या, सत्तरी उलटलेल्या, हातात पालेभाजी. त्यांनी मला नखशिखांत पाहिलं, पाटीकडे बोट केलं, माझ्याकडे केलं, आणि चला म्हणून खूण केली.

आत अंधारा, उभा लाकडी जिना. खाली सामायिक स्वयंपाकघर. छतावर ओळीने पाच-सहा दिवे, प्रत्येकाची वायर वेगळ्या बिऱ्हाडात गेलेली. ज्याचा स्वयंपाक चालू, त्याने आपला दिवा लावायचा. शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात मोरीच्या दिव्यावरून झालेली भांडणं मला जशीच्या तशी आठवली. आजींनी स्टूल पुढे केलं, थर्मासमधून पेल्यात गरम पाणी ओतलं आणि माझा फोन मागितला. मी भाषांतराचं ॲप उघडून दिलं. त्या त्यात काहीतरी भराभर बोलल्या. पडद्यावर आलं: तुमचे आजोबा कोणत्या खोलीत राहायचे?

माझे आजोबा सासवडचे. जन्मात समुद्र पाहिला नाही. मी ॲपमध्ये म्हटलं, नाही, मी भारतातला, नुसता बघायला आलोय. ॲपने त्याचं काय केलं कोण जाणे, आजींनी समजल्यासारखी मान हलवली, माझ्या हातावर थोपटलं आणि पुन्हा फोन तोंडाजवळ नेला. इथे आले तेव्हा ते केवढे होते?

पाणी अजून तोंडाला लावण्याइतकं निवलं नव्हतं. मी पेला खाली ठेवला, दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, आणि मग आणखी तीन.