घुमट तेवढा दिसतो

26 जानेवारीचं संचलन सकाळी चुकलं तर दुपारी जेवल्यावर बघायचं, हा घरोघरचा रिवाज. बेळगावात मराठा सेंटर असल्याने मराठा लाइट इन्फन्ट्रीची तुकडी आली की टीव्हीचा आवाज वाढतोच. मग कोणीतरी संचलनाच्या, दिल्लीतल्या रस्त्याच्या नावाचा विषय काढतं. किंग्जवेचा स्वातंत्र्यानंतर राजपथ झाला, 8 सप्टेंबर 2022 ला कर्तव्य पथ. 2014 मध्ये पाटीवर बेळगावी आलं तरी बेळगावच म्हणणाऱ्यांनी त्यावर किती वेळ घालवायचा? त्या रस्त्याची खरी गोम चढात आहे.

इंडिया गेटपासून पश्चिमेला राष्ट्रपती भवन दिसतं. तिथून चालत निघावं. चढाच्या पायथ्याचा विजय चौक जवळ येईल तशी इमारत बुडायला लागते, खांब जातात, चौकात पोचेपर्यंत घुमट तेवढा उरतो. आमच्या बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या चढणीला लागल्यावर तट डोळ्यांआड होतो, तसंच. गडाला ते शोभतं, राजवाड्याला नाही.

1911 च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवायचं जाहीर झालं. रायसीना टेकडीवर आधी व्हाइसरॉयचा वाडाच, म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन, मिरवणार होता. वास्तुविशारद हर्बर्ट बेकर यांनी सचिवालयंही, म्हणजे आजचे नॉर्थ आणि साउथ ब्लॉक, तिथेच हवीत असा आग्रह धरला. ती पुढच्या कडेला बसली, दुसरे वास्तुविशारद एडविन लचन्स (ल्युटन्स) यांचा वाडा मागे सरकला. मधल्या रस्त्याचा चढ ठरला साडेबावीसला एक. शंभर मीटर गेलं की जवळजवळ साडेचार मीटर वर. गाडीला हे काहीच नाही, नजरेला आहे. माणसाचा डोळा जमिनीपासून पाचेक फुटांवर. चढाचा माथा त्याच्याही वर येतो आणि मागचं सगळं झाकतो.

या चढाला लचन्स यांनी स्वतःच संमती दिली होती. घोटाळा ध्यानात आल्यावर, चढ मागे वाड्याकडे लांबवून सौम्य करा, असा धोशा त्यांनी लावला. पण मग सचिवालयांमधलं सपाट अंगण मधोमध खणावं लागणार, आणि बेकरना ते अखंड हवं होतं. खर्च वेगळाच. 1916 मध्ये मागणी फेटाळली गेली, दोघांचं बोलणंही तुटलं. जागेवर दोन बांबू रोवून दोरी ताणली असती, तर कुठल्याही गवंड्याने हे आधीच सांगितलं असतं. कागदावर सगळेच चढ गुणी असतात.

टीव्हीवर यातलं काही कळत नाही. कॅमेरे उंचावर असतात.

बाकी त्या रस्त्यावर बदलायचं ते बदललं. इंडिया गेटजवळच्या दगडी छत्रीतून 1968 मध्ये पाचव्या जॉर्जचा पुतळा निघाला, 2022 मध्ये ग्रॅनाइटचे नेताजी आले. चढ आहे तिथेच. जांभळाची झाडंही आहेत. पावसाळ्यात फळं उतरवायचा ठेका निघतो आणि कडेला वाट्याने जांभळं विकायला बसतात. खानापूरच्या जांभळांशी मात्र कोणी तुलना करू नये.