थकीत यादी आणि चारशे मोबाईल

थकीत पुस्तकांची यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाही, असा लेखी ठराव आता आमच्या वाचनालयाच्या इतिवृत्तात आहे, सह्यांसकट. तुमच्या वाचनालयात नसेल तर करून घ्या, म्हणून हे लिहितेय.

मी इथली ग्रंथपाल. आमचं तालुक्याच्या गावातलं जुनं वाचनालय, शासनमान्य, 'ब' वर्ग. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली जे अनुदान येतं त्यातच आमचे पगार, त्यातच पुस्तकं, त्यातच लाईटबिल, त्यामुळे एक पुस्तक गेलं तरी टोचतं. तपासणीला साहेब आले की दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक नंबरासह जिच्यात लिहितो ती, उघडून कुठल्याही नंबरावर बोट ठेवतात, हे काढून दाखवा म्हणतात, आणि ते पुस्तक नेमकं कुणाच्या तरी घरी शोकेसमध्ये असतं. वसुलीचं टेन्शन मला नाही असं नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुप लॉकडाऊनमध्ये सुरू झाला, २०२० ला, घरपोच पुस्तकं द्यायची म्हणून. तो फार चालला. नवीन पुस्तकं आली की मुखपृष्ठांचे फोटो टाकायचे, मग 'मला ठेवा', 'माझा नंबर लावा' असे मेसेज येतात, दिवाळी अंक कुठले घ्यायचे त्याचा पोल घेतो, आणि ज्या बायका कधी वाचनालयाची पायरी चढल्या नव्हत्या त्या नवऱ्याच्या हाती चिठ्ठी द्यायच्या ऐवजी थेट मला मेसेज करायला लागल्या. फेसबुक पेजवर व्याख्यानमाला लाईव्ह केली तर पुण्याला-ठाण्याला गेलेली गावची माणसं खाली कमेंटमध्ये एकमेकांना ओळख दाखवत बसली, वक्ता राहिला बाजूला. ग्रुपवर चारशेच्या आसपास लोक आहेत. म्हणजे अर्धं गाव म्हणा ना, सासू आहे, सून आहे, हेडमास्तर आहेत, आणि त्यांच्या हाताखालचे शिक्षकही आहेत.

तर एका रात्री आमच्या कार्यवाहांनी त्या ग्रुपवर पीडीएफ टाकली. वार्षिक सभा तोंडावर होती, थकबाकीचा आकडा अहवालात वाईट दिसणार म्हणून त्यांनी आमच्या निर्गम सहाय्यकाकडून, म्हणजे काउंटरवर पुस्तकं देण्या-घेण्याचं बघणाऱ्याकडून, रिपोर्ट काढून घेतला होता, मी घरी गेल्यावर. सॉफ्टवेअर तो रिपोर्ट काढतं तेव्हा सगळंच छापतं, सभासदाचं नाव, मोबाईल नंबर, पुस्तकाचं नाव, कधी नेलं, किती दिवस उशीर. खाली त्यांनी लिहिलं होतं 'कृपया सहकार्य करावे' आणि हात जोडलेला इमोजी.

सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच पायरीवर तिघेजण पुस्तकं घेऊन उभे. दुपारपर्यंत काउंटरवर गठ्ठा झाला. वर्षभर फोन करून न आलेली पुस्तकं, एकाचं तर दुधाच्या पिशवीतून आलं, ओलं. हे खरं आहे आणि ते मी लपवत नाही, यादीने पुस्तकं आली. कार्यवाह खुर्चीत बसून प्रत्येक पुस्तकाला मान डोलावत होते.

पण फोनही येत होते. एका निवृत्त हेडमास्तरांच्या नावावर दोन भुताखेतांच्या आणि एक जरा तसली कादंबरी निघाली, त्यावर त्यांच्याच माजी विद्यार्थ्यांनी ग्रुपवर हसायचे इमोजी टाकले. सर मात्र पक्के, आले, दंड भरला आणि तसल्याच आणखी दोन घेऊन गेले, म्हणाले आता लपवायचं काय उरलंय! एका मुलाने फोन केला की बाबांचं नाव आहे, बाबा फेब्रुवारीत गेले, आई यादी बघून सकाळपासून कपाटं उपसतेय. त्याला मी नको म्हणलं, शोधू नका, आम्ही बघतो. आणि एका शिक्षिकेने विचारलं की माझा नंबर त्या यादीतून घेऊन रात्री कुणीतरी 'हाय' पाठवलंय, आता तुम्ही काय करणार?

मी ग्रुपवर अॅडमिन आहे, त्यामुळे दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, तो मी सकाळी बघितल्या बघितल्या केलाच होता. पण ज्यांनी ती पुढे पाठवली त्यांच्याकडे ती राहिलीच. किती जणांनी वाचली ते फक्त पाठवणाऱ्याच्या फोनवर दिसतं, म्हणून कार्यवाहांचा फोन मागून घेतला. मेसेज डिलीट झाल्यामुळे तिथे आता ते दिसत नव्हतं, पण त्यांच्या मुलाने वाचलेल्यांच्या यादीचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, वडिलांना दाखवायला, केवढे लोक बघतायत बघा म्हणून. ब्लू टिक बंद केलेली असली तरी ग्रुपमध्ये ती दिसतेच, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मी ती नावं वर-खाली करत होते ते एकाच नावासाठी. थकीत यादीत एक सून होती, तिशीची, तिच्या नावावर घटस्फोट आणि पोटगीच्या कायद्यावरचं मराठी पुस्तक. आणि वाचलेल्यांमध्ये तिचा दीर होता.

तो अकराच्या सुमारास आलाच. सभासद आहे, रोज पेपर वाचायला येतो, तसा शांत माणूस. पेपर न घेता सरळ काउंटरवर आला.

"मॅडम, आमच्या वहिनींच्या नावावर काय काय गेलंय ते बघायचं होतं."

म्हणलं, त्यांचं पुस्तक त्या आणून देतील, तुम्ही नका काळजी करू.

"ते नाही, आधीचं. वर्षभरात काय काय नेलं. कॉम्प्युटरमध्ये असेल ना?"

कॉम्प्युटरमध्ये होतं. खोटं कशाला बोलू, दोन क्लिकवर होतं, आणि माझ्यासमोर स्क्रीन उघडीच होती, मी ती जरा माझ्याकडे वळवली. पूर्वी आमच्याकडे ब्राउन पद्धत होती, पुस्तकाच्या खिशातलं कार्ड आणि वाचकाचं तिकीट एकत्र ट्रेमध्ये लावायचं, पुस्तक परत आलं की दोन्ही वेगळी, एक पुस्तकात, एक वाचकाच्या हातात. मागे काहीच उरत नाही. तेव्हा कुणी विचारलं असतं तरी सांगायला माझ्याकडे काही नसतं. आता सगळं साठून राहतं, आणि आम्ही म्हणतो सोय झाली.

कार्यवाह मागून म्हणाले, "दाखवा की मॅडम, घरचेच आहेत."

मी दिराला म्हणलं, दादा, तुम्ही काय काय नेलं तेही ह्याच कॉम्प्युटरमध्ये आहे. उद्या तुमच्या घरून कुणी विचारायला आलं तर सांगू का?

त्याने काय काय नेलं होतं ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. तो थोडा वेळ उभा राहिला, मग 'बघू' म्हणून गेला, पेपर न वाचता. कार्यवाह माझ्यावर चिडले, सभासदाशी असं बोलतात का म्हणून. बोलतात. अशा वेळी बोलतात.

ती दुपारी आली, शाळा सुटायच्या आधी. पुस्तक भाजीच्या पिशवीत, वर मेथी. मी तिला खुर्ची दिली तर बसली नाही. म्हणाली, "ताई, माझ्या नावावर हे खोडून दुसरं काहीतरी लिहा ना, रांगोळीचं वगैरे. मी सांगितलंय घरी की तुमची चूक झालीय."

म्हणलं ठीक आहे, कुणी विचारलं तर चूक आमची. नोंद मी बदलली नाही, पण तिला एवढं सांगितलं की नोंद तिच्याशिवाय कुणाला दिसणार नाही, आणि दीर येऊन गेला तेही सांगितलं, कारण ते तिला माहीत असायला हवं होतं. मग तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीचं सांगितलं, बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, हे १९८७ च्या कायद्यातच आहे. हे ती पुस्तकात वाचून आली होती, पान नंबर सुद्धा तिने सांगितला. मीच गप्प झाले. पुस्तक जमा करून घेतलं, दंड लावला नाही, आणि ती म्हणाली इथेच बसून वाचलं तर चालेल का, दुपारी. चालेल म्हणलं, आत बालविभागात बस, तिकडे दुपारी कुणी नसतं.

पुढच्या मीटिंगला मी विषय घेतला. तयारी करून गेले होते, म्हणलं वाचक काय वाचतो ते गुप्त ठेवणं ग्रंथपालाचं काम आहे असं अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेने १९३९ सालीच आचारसंहितेत लिहिलंय, आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१७ ला खासगीपणा मूलभूत हक्क ठरवलाय, नऊ न्यायमूर्तींनी एकमताने. कार्यवाह म्हणाले आपलं तालुक्याचं वाचनालय आहे मॅडम, सुप्रीम कोर्ट कुठे आणलंत, पुस्तकं आली की नाही ते बोला. त्यावर दोघे हसले आणि मला वाटलं गेला विषय. पण कोषाध्यक्ष, जे एरवी चहा येईपर्यंत तोंड उघडत नाहीत, ते म्हणाले, "नाही नाही, हे बरोबर नाही. उद्या आपल्याही याद्या निघतील." मग एकदम सगळ्यांना पटलं. कोणी काय नेलेलं होतं ते मला माहीत आहे, पण तेच तर सांगायचं नाहीये.

ठरावात तीन गोष्टी आहेत. नावांची यादी ग्रुपवर, स्टेटसवर, फेसबुकवर किंवा नोटीस बोर्डावर लावायची नाही. कुणी काय वाचलं ते त्याच्याशिवाय कुणालाही द्यायचं नाही, घरच्यांनाही नाही. आणि रिपोर्टचं पासवर्ड फक्त ग्रंथपालाकडे. ह्या तिसऱ्यावर कार्यवाहांनी सही करताना पेन झटकलं, शाई येत नाही म्हणून.

आता आठवण एकेकाला जाते, वाचनालयाच्या बिझनेस नंबरवरून, 'आपल्याकडील एक पुस्तक परत येणे बाकी आहे' एवढंच, पुस्तकाचं नाव टाकत नाही. ब्रॉडकास्ट करून बघितलं पण ते ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतं, आणि पुस्तकं अडकवून ठेवणारे वाचनालयाचा नंबर कशाला सेव्ह करतील. त्यामुळे एकेकच. काही जण उलट विचारतात 'कोणतं?', मग त्यांना नाव कळवते. वसुली यादीपेक्षा हळूच होते, कार्यवाह दर मीटिंगला बोलून दाखवतात, बोलू देत.