पोपटी दुपटं

आमच्या आईला रिकाम्या हातांनी बसता येत नाही. माझ्या लहानपणी घरातल्या रेडिओला, टीव्हीला, मिक्सरला, अगदी माठावरच्या झाकणालासुद्धा क्रोशाचे झगे होते. बाबा म्हणायचे, "मी एका जागी फार वेळ बसत नाही, नाहीतर मलाही झालर लागायची."

ही आई सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आमच्याकडे आली आणि तिसऱ्याच आठवड्यात तिची उलघाल सुरू झाली. गाडी येत नाही, शेजारी दिसत नाहीत, भाजीवाल्याशी हुज्जत घालायची सोय नाही. शेवटी एका बुधवारी मी तिला लायब्ररीत विणायला जमणाऱ्या बायकांमध्ये नेऊन बसवलं. त्या सगळ्या 'प्रोजेक्ट लायनस'साठी ब्लँकेटं करतात. १९९५ च्या नाताळात कॅरन लाउक्स नावाच्या बाईंनी मासिकात एका चिमुरडीबद्दल वाचलं. रक्ताचा कर्करोग झालेली ती पोर केमोथेरपीच्या सगळ्या दिवसांत आपलं दुपटं सोडत नव्हती. लाउक्सबाईंनी डेन्व्हरच्या कर्करोग केंद्रातल्या मुलांसाठी ब्लँकेटं द्यायचं ठरवलं, आणि ते लोण देशभर पसरलं. नाव घेतलं 'पीनट्स' चित्रमालिकेतल्या लायनसचं. निळं दुपटं कवटाळून अंगठा चोखत फिरणारा तोच तो. विणणाऱ्यांना तिथे 'ब्लँकेटियर' म्हणतात. आईला हा किताब फारच आवडला.

भाषेची अडचण येईल असं मला वाटलं होतं. आली ती वेगळीच, टाक्यांच्या नावांची. आईचा मुका खांब म्हणजे त्यांचा सिंगल क्रोशे, नुसता खांब म्हणजे डबल. त्यात एका आजीबाईंकडे विलायतेतलं पुस्तक, आणि तिथे अमेरिकेच्या सिंगललाच डबल म्हणतात! दोघी-तिघींचं त्यावरून चांगलंच वाजलं. आईनं शांतपणे चार टाके घालून दाखवले. सुईला इंग्रजी लागत नाही. तिसऱ्या बुधवारी तर तिनं, २०१६ मध्ये चेन्नईत बायकांनी मिळून ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट करून जागतिक विक्रम केला होता, हेही त्यांना ऐकवलं. आकडा मी कागदावर लिहून दिला होता. अभिमान तिचा स्वतःचा.

खरी पंचाईत घरी आल्यावर झाली. लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन तिनं विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"ते नाही सांगत, आई."

"वय तरी?"

"शून्य ते अठरा."

"अगं, असं कसं विणायचं?"

तिचं बरोबर होतं. आजवर तिनं बिनमापाचं काही केलंच नव्हतं. कुंची केली ती अमक्याच्या बाळाची, स्वेटर केला तो पाठीला लावून लावून. इथे ना नाव, ना बारसं. दोन दिवस गुंडा तसाच पडून होता. मग तिनंच ठरवून टाकलं, "दोन वर्षांचं धरते." छत्तीस इंच लांब, छत्तीस इंच रुंद. रंग पोपटी, मधे हळदीच्या रंगाचे पट्टे. पांढरा तिनं हातातही घेतला नाही. का, ते मी विचारलं नाही.

लोकर म्हणजे अर्थात ॲक्रिलिक. उपचार चालू असताना मुलांची प्रतिकारशक्ती खालावलेली असते, त्यामुळे दुपटं मशीनमध्ये पुन्हा पुन्हा धुता यायला हवं. टाचणी राहता कामा नये, आणि विणणाऱ्याच्या घरात धूर नको. हे शेवटचं वाचून आई दुखावली. "आपल्याकडे कोण ओढतं विड्या?" मग आम्हा दोघींच्या लक्षात आलं : उदबत्ती! सकाळ-संध्याकाळ दोन-दोन. त्या दिवसापासून आमच्या देवांनी महिनाभर नुसत्या निरांजनावर भागवलं. "त्यांना चालतं," आई म्हणाली. विचारून आल्यासारखी.

दुपटं पुरं झालं, धुऊन वाळलं. घडी घालताना एका कोपऱ्यात मला काळा टाका दिसला. एकच. चुकून आलाय म्हणून मी कात्री आणायला उठले, तर आईनं माझा हात धरला.

"राहू दे. तीट आहे."

बुधवारी तो टाका तिथल्या बायकांनाही दिसला. मी समजावून सांगितलं. पुस्तकवाल्या आजीबाईंनी काही न बोलता आपल्या पिशवीत काळा धागा शोधायला सुरुवात केली.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. आई परत सांगलीला, आपल्या भाजीवाल्यापाशी. परवा फोनवर थंडीच्या, गुडघ्याच्या, लग्नकार्यांच्या गप्पा झाल्या, आणि ठेवता ठेवता ती एकदम म्हणाली, "ते पोपटी छत्तीसच होतं ना गं?"

"हो. का?"

"म्हणजे आता साडेतीन वर्षांचं झालं. पाय उघडे पडत असतील पोराचे. पुढच्या खेपेला मोठं घालते."