कपडे लय झाले ताई

पावसाळा लागला की नाशकात सगळ्यांचं मोजमाप एकच, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, आता छातीपर्यंत गेलं. ते पाणी रामकुंडावरून पुढे कुणाच्या घरात जातं हे मात्र २०१९ पर्यंत मी कधी विचारलंच नव्हतं.

४ ऑगस्ट २०१९, रविवार होता. गोदेला मोठा पूर, वरून गंगापूर धरणाचा विसर्ग चालू, खाली दारणा येऊन मिळते, आणि नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात गाळ इतका साचलाय की फुगवटा मागे येतो आणि निफाडमधल्या सायखेडा, चांदोरीत शिरतो. आमच्या ग्रुपवर मेसेज फिरला, जुने कपडे, चादरी, बिस्किटं जमा करा. दोन दिवसांनी टेम्पो भरून गेलो.

शाळेच्या एका वर्गात कपड्यांचा ढीग आधीच खिडकीला लागला होता. बाहेर व्हरांड्यात साधारण माझ्याच वयाची एक बाई फरशीवर ओले कागद पसरून प्रत्येकावर एकेक खडा ठेवत बसली होती. रेशनकार्ड, पासबुक, पोराचा शाळेचा दाखला. मी पिशवी पुढे केली तर म्हणाली, "कपडे लय झाले ताई, पंचनाम्यात माझं नाव येईल का तेवढं बघा."

ती मूळची सुरगाण्याकडची, द्राक्षबागेत कामाला, भाड्याच्या खोलीत राहणारी. खोलीची भिंत पडली त्याचा पंचनामा घरमालकाच्या नावाने, पीक गेलं त्याचा शेतकऱ्याच्या नावाने. तिचं जे गेलं, म्हणजे भांडी, धान्य, हप्त्यावर घेतलेलं शिलाई मशीन आणि छाटणीपर्यंतची मजुरी, ते कुठल्या रकान्यात लिहायचं हे तिथे कुणालाच सांगता येईना. मलाही नाही आलं. मी तिचे कागद उलटे करून वाळवायला मदत केली आणि संध्याकाळी घरी आले, जेवण गेलं नाही.

तेव्हापासून विस्थापितांबद्दल जे मिळेल ते वाचत गेले. २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटींहून जास्त माणसं युद्ध, हिंसा, छळ यामुळे घराबाहेर होती, त्यातली निम्म्याहून जास्त आपल्याच देशात. पूर, भूकंपाने हललेले यात धरलेलेच नाहीत. देश सोडावा लागलेल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था कायमचे तीन मार्ग सांगते, आपल्या मर्जीने आणि सुरक्षितपणे घरी परतणं, जिथे आलो तिथेच रुजणं, नाहीतर तिसऱ्या देशात नव्याने वसणं. वाचायला सोपं वाटतं, पण केनियातली दादाबची निर्वासित छावणी १९९१ पासून चालू आहे, तिथे जन्मलेल्या मुलांना आता मुलं झालीत.

हे लांबचं वाटत असेल तर कोल्हापूरला चला. माझी आत्या तिथली, लग्नसराईत साड्या घ्यायला आम्ही गांधीनगरला जायचो, घाऊक कापडाचा बाजार. त्या जागेचा इतिहास मला फार उशिरा कळला. १९४३ ते १९४८ तिथे वळिवडे कँप होता, पोलंडहून सायबेरियात हाकललेली आणि इराणमार्गे इथे पोचलेली जवळपास ५ हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, नाटकं सगळं त्यांनी त्यांचं उभं केलं. दुसरं महायुद्ध संपलं पण अनेकांचं गाव सोव्हिएत हद्दीत गेलेलं, परतायचं कुठे? मग बरेच जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेला गेले. आणि ते गेल्यावर तिथेच फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं आली. ती तिथेच रुजली. आपल्या देवळालीतही तशीच आली होती.

सिंधी लोकांच्या कष्टाबद्दल सगळे बोलतात आणि ते खरंच आहे, पण मला दुसरी गोष्टही तितकीच मोठी वाटते. त्यांना नागरिकत्व होतं, मत होतं, दुकान टाकायला कुणाची परवानगी मागत फिरायचं नव्हतं. १९५४ मध्ये भरपाई आणि पुनर्वसनाचा कायदाच झाला. म्हणजे शेवटी कागदच. व्हरांड्यातल्या त्या बाईला हे कुठलंही पुस्तक न वाचता माहीत होतं. युगांडा आजही निर्वासितांना शेतीसाठी जमिनीचा तुकडा आणि काम करायचा हक्क देतो, आपल्याहून गरीब देश आहे तो.

नुसती घरं बांधून होत नाही हे तर महाराष्ट्राने बघितलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी हलवली, प्रचंड काम झालं, त्याला नावं ठेवणार नाही. पण घराचं माप कुणाकडे किती शेतजमीन त्यावर ठरलं, २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. भूमिहीनाला सगळ्यात लहान. सरळ रेषेत रस्ते आखले आणि जुनी गल्ली, भावकी, शेजार तुटला, शेत लांब पडलं. गावकऱ्यांना आधी विचारून, त्यांच्यासोबत नकाशा काढला असता तर, हे राहून राहून वाटतं.

आमचा ग्रुप अजून आहे, पण कपडे आम्ही बंद केले. आता पाऊस सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यातच नदीकाठच्या वस्त्यांवर जातो, भाड्याने राहणाऱ्यांची आणि मजुरांची वेगळी यादी करतो, रेशनकार्ड, पासबुक, दाखले यांचे मोबाईलवर फोटो काढून त्यांच्याच फोनमध्ये ठेवून देतो आणि मूळ कागद घालायला जाड प्लास्टिकची झिपवाली पाकिटं वाटतो. पूर आलाच तर शक्य तितकी मदत थेट खात्यात, काय घ्यायचं ते त्यांचं ते ठरवतील. पंचनाम्याच्या वेळी आमच्यातलं कुणीतरी ती यादी घेऊन तिथे हजर असतं, आणि नाव राहिलं तर अर्ज तिथल्या तिथे लिहून देतो. काही नावं लागतात, काही अजूनही नाही लागत.

यंदा चांदोरीच्या बाजूला यादीसाठी दोन माणसं कमी पडतायत. ज्यांच्याकडे टू व्हीलर आणि रविवारची सकाळ आहे त्यांनी कळवा.