पाणउताऱ्याचा मान

जेवणे आटोपून घर शांत झाले की मोबाइलवर प्रेक्षकांचाच पाणउतारा करून हसवणारे अमेरिकी विनोदवीर डॉन रिकल्स यांचे जुने कार्यक्रम पाहण्याची मला सवय लागली आहे, आणि दर वेळी माझे लक्ष त्यांच्यापेक्षा पहिल्या रांगेतल्या मंडळींकडेच अधिक जाते. टकलावरून किंवा सुटलेल्या पोटावरून नुकतेच ज्याचे वाभाडे निघाले आहेत, तो माणूस डोळे पुसत हसत असतो. ज्याच्याकडे रिकल्स वळलेच नाहीत, तो शेजारी मात्र पंगतीत वाढायचा राहून गेल्यासारखा हिरमुसलेला वाटतो.

१९२६ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या रिकल्स यांना खरे तर नट व्हायचे होते. दुसऱ्या महायुद्धात नौदलात राहून आल्यावर त्यांनी अभिनयाचे रीतसर शिक्षण घेतले, पण कामे मिळेनात म्हणून ते नाइट क्लबांत विनोद सांगू लागले. पाठ केलेले विनोद बेताचेच चालत. टवाळी करणाऱ्या गिऱ्हाइकाला दिलेल्या उलट उत्तराला मात्र हमखास हशा मिळे. तोंडी लावायला घेतलेल्या लोणच्यावरच मग सगळे जेवण उरकू लागले.

१९५७ साली मायामी बीचच्या एका क्लबात प्रख्यात गायक फ्रँक सिनात्रा आले. त्यासाठी रिकल्स यांच्या मातोश्रींनी सिनात्रांच्या मातोश्रींकडे शब्द टाकला होता, हा तपशील मला फार घरगुती वाटतो. सिनात्रांचा हात पटकन उठतो अशी ख्याती होती, आणि रंगमंचावरून रिकल्स म्हणाले, ‘आपलंच घर समज, फ्रँक, कुणाला तरी ठोसा लगाव!’ सिनात्रा खदखदून हसले. पुढे लास व्हेगासच्या सहारा हॉटेलात रात्री उशिरा होणाऱ्या रिकल्स यांच्या खेळांना बडी मंडळी मुद्दाम पाणउतारा करून घ्यायला येऊ लागली.

वंश आणि जातकुळीवरचे त्यांचे कित्येक टोमणे आज कानाला बोचतात, आणि ‘मी सगळ्यांनाच बोलतो’ हे समर्थन मला पुरेसे वाटत नाही. कार्यक्रमाच्या शेवटी ते हळवे होऊन सर्वांची समजूत काढत. तो भाग मी पुढे ढकलतो.

न चुकता पाहतो ती १९७६ सालची एक चित्रफीत. दूरचित्रवाणीवर रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम करणारे जॉनी कार्सन यांच्या गैरहजेरीत त्यांचा तो कार्यक्रम चालवताना रिकल्स यांच्या हातून टेबलावरची लाकडी सिगारेटपेटी मोडली होती. परतल्यावर कार्सनना ते कळते आणि ते मोडकी पेटी घेऊन, कॅमेऱ्यासकट, जवळच्या स्टुडिओत थडकतात. तिथे रिकल्स यांच्या मालिकेचे चित्रीकरण सुरू आहे आणि ते भूमिकेसाठी नौदलाच्या गणवेशात आहेत. कार्सन सर्वांदेखत खडसावतात, आणि आयुष्यभर जगाला बोल लावणारा हा गृहस्थ क्षणभर, काच फोडून सापडलेल्या पोरासारखा, नुसता बघत राहतो.