१८ किलोमीटर म्हणाले होते, २९ निघाले: राफ्ट, गळ आणि एका रात्रीचा मुक्काम

आधीच सांगून टाकतो, राफ्ट घेऊन ह्या नदीवर जायला हरकत नाही. पण ज्या माणसाने आम्हाला राफ्ट भाड्याने दिले त्याने सांगितलेल्यापैकी अर्धं खोटं होतं आणि उरलेलं अर्धं त्याने आयुष्यात कधी वल्हं हातात न धरता सांगितलं होतं असं माझं स्पष्ट मत झालंय. आज मंगळवार, उजव्या हाताची मूठ अजून नीट वळत नाहीये, त्यामुळे लिहिताना राग दिसला तर समजून घ्या.

बेत साधा होता. आम्ही चौघं, दोन फुगवायचे राफ्ट, शनिवारी सकाळी वरच्या पुलापाशी उतरायचं, वाटेत बरी जागा दिसली की थांबून गळ टाकायचा, रात्री काठावर तंबू, रविवारी दुपारी दोनला खालच्या पुलाशी बाहेर. पोहता येतं, तंबू, हेडटॉर्च, पाणी न शिरणाऱ्या पिशव्या तुमच्याकडे आहेत आणि वजन उचलून चालायची सवय आहे असं धरूनच पुढचं लिहितोय. लाइफ जॅकेट घालायचं, बुडाखाली उशी म्हणून घ्यायचं नाही (आमच्यातल्या एकाने पहिला तासभर तेच केलं).

अंतर १८ किलोमीटर सांगितलं होतं. घरी आल्यावर सॅटेलाइट नकाशावर नदीचं एकेक वळण बोटाने धरत मोजलं तर २९ भरले. म्हणजे त्याने बहुतेक रस्त्याचं अंतर सांगितलं, आणि नदी काही रस्त्यासारखी जात नाही, एका ठिकाणी तर ती इतकी वळून मागे येते की तासभर वल्हवून झाल्यावर सकाळचाच टॉवर परत डाव्या हाताला दिसायला लागला. हे मोजायचं काम दहा मिनिटांचं आहे, निघायच्या आधी करा, आम्ही केलं नाही.

आणि खरं तर किलोमीटर विचारूच नका, तास विचारा. बरी धार असली तर राफ्ट माणूस चालतो त्या वेगाने जातो, ताशी तीन-चार किलोमीटर. डोह लागला की नदी तुम्हाला काही देत नाही, सगळं वल्ह्यावर. त्यात समोरून वारा आला तर फुगवलेला राफ्ट म्हणजे शीडच, वल्हं थांबवलं की उलटा वर सरकायला लागतो. आणि मासेमारीला थांबायचं असेल तर जो वेळ धराल त्याच्या दुप्पट धरा. शनिवारी आम्ही दहा तास पाण्यावर होतो आणि १३ किलोमीटर झाले, एवढंच सांगतो.

आता फोटोबद्दल. बुकिंगच्या वेळी त्याने फोनवर जो फोटो पाठवला होता त्यात पाणी पुलाच्या खांबाला जो दगडी कंगोरा आहे त्याला लागलेलं होतं, नदी काठोकाठ, हिरवीगार, राफ्टमध्ये लोक पाय पसरून बसलेले. आम्ही उतरलो तेव्हा तो कंगोरा कोरडा ठणठणीत आणि मी पाण्यात उभं राहिल्यावर तो माझ्या कमरेच्याही वर. बघितला आम्ही सगळ्यांनी, नाही असं नाही. ‘थोडं पाणी उतरलंय वाटतं’ असं कोणीतरी म्हणालं आणि पंप सुरू केला.

पहिले चार तास मजेत गेले.

मग ते दोन किलोमीटर. दुसरं बेट संपलं की पात्र एकदम पसरतं, गोट्यांचा मोठा पट्टा आणि त्यातून पाच-सहा फाटे, बहुतेकांत घोट्याएवढं पाणी. फोटोतल्या पाण्याला हे सगळं बुडलेलं असणार आणि लोक वरून अलगद जात असणार, आम्ही मात्र उतरून ओढायला लागलो. राफ्टमध्ये दोन माणसांचं सामान, त्यात पिण्याच्या पाण्याचे वीस लिटर म्हणजे तेच वीस किलो. पाच पावलं ओढायचं, तळ घासतोय म्हणून थांबायचं, एकाने पुढून उचलायचं, दुसऱ्याने मागून ढकलायचं, परत पाच पावलं. गोट्यांवर शेवाळ इतकं की पाय टाकला की तो कुठे जाईल ते पायालाच माहीत नाही. माझा डावा बूट दोन गोट्यांच्या फटीत अडकला, मी ओढला, पाय आला, बूट राहिला. वाकून कोपरापर्यंत हात घालून तो काढला तेव्हा त्याचा तळ पुढून सुटून जिभेसारखा लोंबत होता आणि उरलेला दिवस मी तो राफ्टच्या दोरीने बांधून चाललो. इथे चपला, फ्लोटर्स काही चालत नाही, घोटा झाकणारे, जुने, घट्ट बूट पाहिजेत. मागून येणाऱ्यांसाठी अजून एक, ओढताना दोरी हाताला किंवा कमरेला गुंडाळायची नाही, मुठीत धरायची. धार वाढली आणि राफ्ट निघाला तर सोडता आली पाहिजे.

ह्या ओढण्याला वैतागूनच आम्ही ती चूक केली. सगळ्यात डावीकडचा फाटा खोल दिसत होता, पाणी छान काळंभोर, ओढ चांगली. चौघांनी एकमेकांकडे बघितलं आणि काही न बोलता बसलो. तो फाटा वळतो आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे धार जाऊन आदळते, तिथे एक अख्खं झाड आडवं पडलंय, मूळ काठावर आणि फांद्या पाण्यात. असं झाड म्हणजे गाळणी. पाणी आरपार जातं, माणूस जात नाही. आमचा राफ्ट पुढे होता, आम्ही जीव खाऊन आतल्या बाजूला मारला आणि वाळूवर चढलो. मागच्यांना ओरडून सांगेपर्यंत ते आडवे होऊन खोडाला जाऊन लागले होते.

अशा वेळी माणूस आपोआप अडथळ्यापासून लांब झुकतो आणि तिथेच घात होतो, कारण वजन धार येते त्या बाजूला गेलं की ती कड खाली जाते, पाणी आत शिरतं आणि राफ्ट पालथा. झाडाकडेच झुकायचं, खोडाला मिठी मारायची. नशिबाने दोघांपैकी एकाला हे माहीत होतं, त्याने दुसऱ्याला कॉलरला धरून खोडाकडे ओढलं. तरी राफ्ट अर्धा भरला, आमिषाचा आणि गळांचा एक डबा गेला, गळाची एक काठी गेली, जेवणाची एक पिशवी गेली. आम्ही काठावरून दोर फेकला तो तिसऱ्या फेकीला पोचला. पंधरा-वीस मीटरचा, पाण्यावर तरंगणारा दोर पिशवीत भरून हाताशी ठेवा आणि घरी फेकून बघा, तिथे पहिल्यांदा फेकू नका. आणि पाण्यात पडलात तर ओढ असेल तिथे उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय दगडात अडकला तर पाणी वरून दाबतं, मग गुडघाभर पाणीसुद्धा पुरेसं आहे. पाठीवर झोपून, पाय पुढे, पाण्याच्या वर. अपवाद एकच, असं झाड समोर आलं तर उलट, तोंड फिरवून काठाकडे जोरात पोहा आणि चुकलंच तर फांद्यांखाली न जाता वर चढायला बघा.

तर माझं म्हणणं असं, पाणी कमी असेल तर उजवीकडचे उथळ फाटे घ्या आणि गपगुमान ओढा, तास-दीड तास जाईल, शिव्या येतील, येऊ द्या. डावीकडे जाऊ नका. आणि न दिसणारं कुठलंही वळण आलं की आधी थांबून एकाने चालत पुढे जाऊन बघून यायचं. कंटाळा येतो म्हणून आम्ही फक्त एकदा केलं नाही.

ह्याच्यानंतर एक बुटका बंधारा येतो, तो राफ्टवाल्याने सांगितलाच नव्हता. लांबून अगदी निरुपद्रवी दिसतो, एक सरळ रेघ आणि पलीकडे हलका आवाज. वरून उतरायचा मोह होतो, पण खाली पडणारं पाणी परत बंधाऱ्याकडेच गोल फिरत राहतं आणि पडलेली वस्तू सोडत नाही, आमच्यासमोर एक लाकडाचा ओंडका तिथे पूर्ण वेळ तसाच गरगरत होता. सामान काढा, उजव्या काठाने उचलून न्या. अर्धा तास.

मुक्कामाला पोचलो तेव्हा अंधार. जी वाळू दिसली तिथे तंबू ठोकला आणि टॉर्च मारल्यावर दिसलं की डोक्याच्या उंचीच्या झुडपात वाळलेलं गवत आणि प्लॅस्टिक अडकलंय, म्हणजे पाणी तिथपर्यंत येऊन गेलंय. वर धरण असेल तर आकाश स्वच्छ असतानाही रात्रीत पाणी सोडतात. थकून मेलेलो असताना परत सगळं उपसून वर चढवलं, त्यावरून भांडण झालं, दोघं एकमेकांशी सकाळपर्यंत बोलत नव्हते. उजेड असताना, चार वाजताच जागा धरा. पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवा, रात्री उठलात तर बघता येतं.

मासेमारीचं सांगायचं तर वाहत्या राफ्टमधून गळ टाकण्याची कल्पना विसरा. लागत काही नाही, आणि जोडलेली काठी खालच्या फांदीत अडकून टोक मोडतं, आमचं मोडलं. शिवाय मोकळा गळ आणि हवेचा राफ्ट हे शेजारी नकोत. बारीक भोक पडलंच तर चिकटवण्याआधी तो भाग पूर्ण कोरडा लागतो आणि सोल्युशनला धरायला काही तास, भर दुपारी पात्रात ते जमत नाही, आम्ही टेप मारून दर तासाला हवा भरत आलो. हवेवरून आठवलं, उन्हात राफ्ट काठावर ठेवला की आतली हवा फुगते, थोडी सोडा, आणि सकाळी तो मऊ पडलेला असेल तर लगेच पंक्चर समजून घाबरू नका.

थांबून, उतरून टाका. मोठ्या दगडाच्या मागे जिथे फेस गोल फिरतो त्याच्या कडेला, जिथे पळतं आणि थांबलेलं पाणी एकमेकांना घासतं त्या रेघेवर. रविवारी पहाटे मी तिथेच बसलो होतो, दोरीवरचं वजनाचं शिसं कमी केलं म्हणजे आमिष तळाला न बसता त्या रेघेने सरकत जायला लागलं, आणि वर तरंगणारा फ्लोट आधी बुडला नाही, नुसता धारेच्या उलट बोटभर सरकला. तोच. हात ओले करून मासा धरला, पाण्यातच गळ सोडवला, क्षणभर तो माझ्या तळव्यावर तसाच कल्ले हलवत थांबला आणि मग नव्हताच. मला वाटतं त्या दोन मिनिटांसाठी मी परत जाईन, पण हे थकवा उतरल्यावर परत विचारा.

रविवार बाकी चांगला होता, खोल पाणी, धार, सोळा किलोमीटर, सांगण्यासारखं काही नाही.

दोनच्या ऐवजी सहाला पोचलो. आमची गाडी वरच्या पुलाशी होती आणि आम्हाला परत न्यायला ठरवलेला ड्रायव्हर झाडाखाली झोपला होता. त्याने ठरल्याच्या दुप्पट मागितले. मी वाद घातला, वेटिंगचं आधी काही बोलणं झालं नव्हतं वगैरे, तो म्हणाला चार तास बसलोय साहेब, आणि ओले कपडे सीटवर. दिले. उशिराचे किती ते आधीच ठरवून घ्या, किंवा स्वतःच्या दोन गाड्या आणा आणि एक खाली लावून ठेवा.

वर पोचेपर्यंत अंधार झाला होता. त्याच्या हेडलाइटमध्ये तो खांब आला, कंगोऱ्याला सुकलेल्या गवताची झालर लागलेली, पाणी खाली कुठेतरी. मी त्याला विचारलं, ‘पाणी नेहमी एवढंच असतं का हो?’

‘कंगोऱ्याला लागलं की येतात लोक,’ तो म्हणाला. ‘एवढ्या पाण्यात कोणी उतरत नाही.’

‘मग काल सकाळी आम्ही इथून निघालो तेव्हा बोलला नाहीत ते?’

‘तुम्ही पंप मारत होतात,’ तो म्हणाला आणि आमच्या पिशव्या खाली उतरवायला लागला.