लॅटरोलॉगचं सिम्युलेशन आणि रॅमचा फॉर्म (माझा अनुभव)

चीनमध्ये शिनजियांगच्या तारीम खोऱ्यात ताहे तेलक्षेत्र आहे. तिथे ५००० मीटरच्याही खाली ऑर्डोव्हिशियन चुनखडकात जुन्या कार्स्ट गुहा (पाण्याने खडक विरघळून झालेल्या) आहेत, तेल मुख्यतः त्या गुहांत आणि भेगांत, बाकी खडक घट्ट. विहीर गुहेतून गेली तर बिट (खोदणारं टोक) अचानक खाली येतो, मड (खोदताना विहिरीत फिरवतात तो चिखलासारखा द्रव) गायब होतं, लगेच कळतं. पण गुहा विहिरीच्या बाजूला राहिली तर ड्युअल लॅटरोलॉग (विहिरीत सोडून खडकाची रेझिस्टिव्हिटी, म्हणजे विद्युतरोधकता, मोजणारं टूल; जवळचं रीडिंग शॅलो, लांबचं डीप) काय दाखवेल, हा माझा एमटेकचा विषय.

मॉडेल, मेश (मॉडेलचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट) सगळं पटापट झालं. अडलं ते सॉल्व्हरला, म्हणजे त्यातली समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रामला. खडक हजारो ओहम-मीटरचा, मड आणि गुहेत भरलेली माती अगदी कमी रेझिस्टिव्हिटीची, त्यात बोअरहोलजवळ एलिमेंट बारीक आणि लांब मोठे, त्यामुळे इटरेटिव्ह (उत्तर टप्प्याटप्प्याने सुधारत नेणाऱ्या) सॉल्व्हरची एरर एका पातळीला येऊन तिथेच थांबायची. डायरेक्ट (एकदम उत्तर काढणाऱ्या) सॉल्व्हरने सुटतं, पण थ्रीडीत तो रॅम बेसुमार खातो. म्हणून मोठ्या मेमरीचा नोड (सर्व्हर) हवा, आणि त्यासाठी आमच्या कम्प्युटिंग सेंटरचा फॉर्म.

त्या फॉर्ममध्ये 'किती जीबी लागतील' असा रकाना. अहो, चालवल्याशिवाय कसं सांगणार, आणि सांगितल्याशिवाय चालवू देत नाहीत! मी 'अंदाजे' लिहिलं तर फॉर्म परत, जास्त लिहिलं तर 'कारण द्या' म्हणून परत, आणि दरवेळी गाइडची आणि एचओडीची सही नव्याने. खिडकीवरचे काका शांतपणे म्हणायचे, "आकड्याला आधार जोडा, मग पुढे पाठवतो." मला मनापासून राग आहे याचा, कारण आधार म्हणजे नक्की काय हे फॉर्मवर कुठेच छापलेलं नाही.

शेवटी तीन जाडसर मेशवर तोच प्रॉब्लेम सोडवला, प्रत्येकाची कमाल मेमरी नोंदवली, ग्राफ काढून पुढे वाढवला आणि तो कागद जोडला. लगेच मंजूर! तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा. आणि हो, गुहा गोल धरली तर विहिरीचा अक्ष आणि गुहेचं केंद्र यांतून जाणारं प्रतल सिमेट्रीचं असतं, अर्धंच मॉडेल घ्या, अननोन जवळपास निम्मे होतात.

डायरेक्ट सॉल्व्हरचा खरा फायदा वेगळाच आहे: टूलच्या एका जागेसाठी समीकरणांचं मॅट्रिक्स एकदाच फॅक्टर करायचं (सोप्या भागांत फोडायचं), मग ए-झिरो (टूलचा मधला करंट इलेक्ट्रोड) आणि त्याचा करंट खडकात सरळ ढकलणाऱ्या गार्ड इलेक्ट्रोडना वेगवेगळा एकक करंट देऊन सोडवायचं, आणि एम-वन, एम-टू या मोजणाऱ्या इलेक्ट्रोडचं पोटेन्शियल सारखं येईल असं त्यांचं मिश्रण करायचं. डीप आणि शॅलो दोन्ही त्यातूनच निघतात. माझ्या मॉडेलमध्ये बाजूच्या माती भरलेल्या गुहेसमोर डीप कर्व्ह शॅलोपेक्षा जास्त खाली आला, कारण त्याचा करंट लांबवर पोचतो. तो कर्व्ह बघून फार बरं वाटलं.

एक राहिलंच, गुहा टाकायच्या आधी सगळीकडे एकच रेझिस्टिव्हिटी देऊन टूलचा के (व्होल्टेज आणि करंटवरून रेझिस्टिव्हिटी काढायचा स्थिरांक) काढून घ्या, आणि बाहेरची सीमा लांब ढकलून तो बदलत नाही ना हे बघा.